एका मार्काचा ऊस

अलंकार ओळखायला कविता वाचावी लागत नाही, हे दहावीच्या मुलांना पक्कं ठाऊक असतं. ओळीत ‘सारखा’, ‘सम’, ‘परी’, ‘वाणी’ यांपैकी काही दिसलं की उपमा. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. ‘नव्हे’ दिसलं की अपन्हुती. झाड, वारा, नदी माणसासारखी वागायला लागली की चेतनगुणोक्ती. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की अनुप्रास. पेन्सिलीनं त्या शब्दाभोवती गोल करायचा, उत्तर लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे जायचं. कवी कोण, तो कशाबद्दल बोलतोय, कुणाशी बोलतोय, हे कळायच्या आत मार्क खिशात.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. हे खुणेचे शब्द मीही मुलांना पाठ करायला लावते. परीक्षा आहे, मार्क लागतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी एकेका मार्काचा हिशेब असतो. त्यामुळे या युक्तीशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते त्यानंतर पडणाऱ्या शांततेशी. ‘दृष्टांत’ असं उत्तर लिहून झालं की त्या ओळीबद्दल बोलण्यासारखं काहीच उरलं नाही, असं सगळ्यांना वाटतं. मुलांना वाटतं, शिक्षकांना वाटतं, गाइड छापणाऱ्यांना तर वाटतंच.

दृष्टांतासाठी मी वर्गात चोखामेळ्याचा उसाचा अभंग घेते. तो बहुतेकांनी ऐकलेला असतो. ऊस दिसायला वाकडा असतो, त्याचा रस वाकडा नसतो, असा त्यातला मुद्दा. मग तेच धनुष्य आणि बाणाबद्दल, तेच नदी आणि पाण्याबद्दल, आणि शेवटी तेच स्वतःबद्दल. एक गोष्ट पटवून द्यायला तिच्याशी जुळणारे दाखले द्यायचे, म्हणून दृष्टांत. उत्तर बरोबर. मार्क एक.

आता हा माणूस कुठे उभा होता ते बघा. चोखामेळा महार होता. ज्या विठ्ठलावर तो अभंग रचत होता, त्याच्या देवळात पाऊल टाकायची त्याला परवानगी नव्हती. १३३८ साली मंगळवेढ्याला भिंत कोसळून तो त्याखाली गेला, असं परंपरा सांगते. त्याची समाधी पंढरपूरला आहे, पण तीही देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीच्या समोर. दलितांसाठी ते देऊळ उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधे सहाशे वर्षं गेली.

अशा माणसाकडे वाद घालायला काय होतं? शास्त्र वाचायची परवानगी नव्हती, त्यामुळे शास्त्राचा आधार नव्हता. पंचायतीत आवाज नव्हता. त्याच्याकडे होता ऊस. प्रत्येकानं पाहिलेला, प्रत्येकानं खाल्लेला. उसाच्या कांड्याचा वाकडेपणा बघून रस नाकारणारा माणूस अजून जन्मला नाही. मग माझी जात बघून माझी भक्ती कशी नाकारता? हा सरळ युक्तिवाद आहे, आणि समोरच्याला ‘नाही’ म्हणायला जागाच उरत नाही, कारण उसाबद्दल त्यानं आधीच ‘हो’ म्हटलेलं असतं. दृष्टांत इथे सजावट म्हणून आलेला नाही. तो काढून घेतला तर अभंग कमी सुंदर होईल एवढंच नाही, अभंगातला दावाच नाहीसा होईल.

आपण ‘अलंकार’ हा शब्द ऐकला की दागिने आठवतात. व्याकरणाच्या पुस्तकातही बहुधा हेच सांगतात, की दागिन्यांनी जसं शरीर शोभतं तशी अलंकारांनी भाषा शोभते. पण शब्द फोडून बघा. ‘अलम्’ म्हणजे पुरेसं. ‘कार’ म्हणजे करणं. जे अपुरं आहे ते पुरेसं करणं, असा त्याच्या मुळाशी अर्थ आहे. मला तो जास्त पटतो. साधी भाषा जिथे कमी पडते तिथे माणूस दुसऱ्या गोष्टीचा आधार घेतो. डॉक्टर विचारतात, दुखतंय म्हणजे कसं? आपण म्हणतो, सुई टोचल्यासारखं, कुणी पिळल्यासारखं, ठणकल्यासारखं. तिथे कुणी भाषा सजवत बसलेलं नसतं. दुसरा मार्गच नसतो.

या विषयावर आपल्याकडे शेकडो वर्षं डोकं चाललेलं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात फक्त चार अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंद’पर्यंत ती संख्या शंभराच्या वर गेली. मुलांना हे सांगितलं की आधी ती घाबरतात, मग आपल्याला दहा-बाराच आहेत म्हणून खूश होतात. पण याच दीक्षितांनी ‘चित्रमीमांसा’ या दुसऱ्या ग्रंथात एक मोठी सोपी गोष्ट सांगितली आहे. उपमा ही एकच नटी आहे, तीच वेगवेगळे वेश घेऊन काव्याच्या रंगमंचावर येते. म्हणजे शंभर नावं पाठ करण्याआधी एक उपमा नीट कळली तरी बरंच काम होतं.

हे वेश दाखवायला मी वर्गात मामाची स्कूटर वापरते. ‘मामाची स्कूटर म्हाताऱ्या म्हशीसारखी आहे.’ ही उपमा. ‘स्कूटर चढावर थांबली, जणू म्हैस बसकण मारायच्या बेतात आहे.’ ही उत्प्रेक्षा. ‘मामाची स्कूटर म्हणजे म्हैसच.’ रूपक. ‘ती स्कूटर नव्हे, म्हैस आहे.’ अपन्हुती. ‘म्हैस परवडली, हाकलली की उठते तरी, स्कूटर तिच्याही वरताण.’ हा व्यतिरेक. मुलं हसतात, पण हसता हसता त्यांच्या लक्षात येतं की बोलणाऱ्याचा ठामपणा पायरीपायरीनं वाढत गेला. ‘सारखी’ म्हणणारा माणूस मधे थोडी जागा ठेवतो, की तशी आहे पण ती नाही. ‘जणू’ म्हणणारा कल्पना करतोय हे कबूल करतो. ‘म्हैसच’ म्हणणारा ती जागा बुजवून टाकतो. ही मधली जागा महत्त्वाची आहे. पुढे तिचं काम पडणार आहे.

गेल्या वर्षी मी मुलांना एक काम दिलं. घरातल्या एका माणसाला उपमा द्या. अट एकच: चंद्र, कमळ, गुलाब, हरिण, कोकिळा, सागर, आकाश हे सगळं बंद. पहिल्या दिवशी निम्म्या वह्या कोऱ्या आल्या. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्या घरात उपमा द्यावी असं काही नाहीच.”

हे वाक्य मला लागलं. कारण तो खरंच तसं मानत होता. त्याच्या लेखी कवितेत येणाऱ्या वस्तूंची एक यादी ठरलेली होती, आणि त्याच्या घरातली एकही वस्तू त्या यादीत नव्हती. त्याची चूक नव्हती. आपण उदाहरणंच तशी देत आलो. मुख, चंद्र, कमळ, नयन. कमळ त्यानं फक्त चित्रात पाहिलं होतं. म्हणजे माहीत असलेल्या गोष्टीवरून माहीत नसलेली समजावून द्यायची हे उपमेचं काम, आणि इथे उपमानच माहीत नसलेलं. मग ती उपमा पोरांना कळणार कशी? ती पाठच होणार.

मी त्याला पुस्तकातल्याच माणसांबद्दल सांगितलं. सावता माळ्याला विठ्ठल त्याच्या मळ्यातल्या भाजीत दिसला. अरणला त्याचा मळा होता, आणि त्याच्या रूपकात तो मळा आहे. जनाबाई नामदेवांच्या घरी राबत होती, तर तिच्या अभंगात दळण आणि कांडण आहे, देवच तिच्या बरोबर जातं ओढायला बसतो. गोरा कुंभार, नरहरी सोनार यांनी आपापल्या कामातले शब्द आणले. तुकोबांच्या घरी दुकानदारी होती, त्यांच्या अभंगात बाजार, भांडवल, नफा-तोटा येतो. आणि जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी. १८८० साली आसोद्याला जन्मल्या, लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या, आणि ती इतरांनी टिपून ठेवली. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. त्यांनी संसाराला चुलीवरच्या तव्याची आणि मनाला पिकात शिरणाऱ्या मोकाट ढोराची उपमा दिली. यांच्यापैकी कुणीही उपमान शोधायला घराबाहेर गेलं नाही. हातात जे होतं तेच त्यांनी उचललं. आज उत्तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे.

म्हणून कवितेतली तुलना बघितली की मी मुलांना विचारते, हे उपमान आलं कुठून? उपमेयावरून कवी कशाबद्दल बोलतोय ते कळतं. तो कुठे उभा आहे ते मात्र उपमान सांगतं.

दुसऱ्या खेपेला वह्या भरून आल्या. एकानं लिहिलं, “बाबांचा राग उन्हाळ्यातल्या लाइटसारखा. कधी जाईल आणि कधी येईल काही भरवसा नाही.” एकीनं लिहिलं, “माझी बहीण दोन टक्के बॅटरी उरलेल्या मोबाइलवरून बोलल्यासारखी बोलते, सगळं एका दमात.” आणि घरात उपमा देण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यानं लिहिलं, “मामा आले की आमचं घर टँकर आलेल्या गल्लीसारखं होतं.” ज्यानं टँकरमागे हंडे घेऊन धावणारी गल्ली पाहिली आहे त्याला यातला आनंदही कळेल आणि भांडणही. नुसतं ‘मामा आले की गडबड होते’ म्हटलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

आणि एका मुलीनं लिहिलं, “आजी पऱ्हाटीसारखी आहे.”

बस, एवढंच. उपमेय आजी, उपमान पऱ्हाटी, साम्यवाचक शब्द ‘सारखी’. चौथं अंग म्हणजे साधारण धर्म, दोघींत नेमकं सारखं काय ते, तिनं लिहिलंच नव्हतं. शास्त्रात याला लुप्तोपमा म्हणतात. एखादं अंग गाळलेलं असतं आणि ते वाचणाऱ्यानं भरायचं असतं. वर्गानं भरायला सुरुवात केली. एक म्हणाला, वाळलेली. दुसरा म्हणाला, काटक. तिसरी म्हणाली, कापूस वेचून झाला की पऱ्हाटीकडे कुणी बघत नाही, तसं आजीकडे. मुलगी गप्प होती. शेवटी म्हणाली, “कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी सरपणाला येते. आमची चूल आजीवरच चालते.”

थोड्या वेळानं तिनंच जोड दिली, “पण मॅडम, पऱ्हाटी जळून जाते. आजीला तसं होऊ द्यायचं नाही. इथं सारखेपणा संपतो.”

त्या दिवसापासून माझ्या वर्गात अलंकाराचे तीन प्रश्न आहेत. नाव ओळखणं त्याच्या आधी होऊन जातं, ते मी मोजत नाही. पहिला, दोघांत नेमकं काय सारखं आहे? दुसरा, हेच उपमान का, ते कुठून आलं? तिसरा तिचा, सारखेपणा कुठे संपतो? कुठलीही तुलना एका ठिकाणी संपतेच, नाहीतर ती तुलना राहणार नाही, दोन गोष्टी एकच होतील. चांगला कवी त्या हद्दीपर्यंत जातो आणि वाचणाऱ्याला ती दाखवतो. आणि भाषेतला सगळ्यात जास्त धोकाही त्याच हद्दीवर असतो.

‘आई म्हणजे अन्नपूर्णा’ हे रूपक घ्या. निबंधात हमखास येतं. काय सारखं? दोघी जेवू घालतात. कुठून आलं? देव्हाऱ्यातून. कुठे संपतं? यावर वर्ग पाच मिनिटं बोलत होता. अन्नपूर्णेला कंटाळा येत नाही. तिचे पाय सुजत नाहीत. ती सगळ्यांच्या मागून, उरलेलं खात नाही. गॅस सिलिंडर संपला तर काय, हा प्रश्न तिला पडत नाही. ‘बळीराजा’चंही तसंच. आमच्याकडे कापूस आणि सोयाबीनचे भाव पडले की ‘राजा’ कर्जाचं नूतनीकरण करायला बँकेच्या रांगेत असतो. ही रूपकं खोटी आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्यात प्रेम आहे, आदर आहे. पण रूपक मधली जागा बुजवतं, आणि बुजलेल्या जागेत बरंच काही गाडलं जातं. देवीला सुट्टी कोण देणार? राजाला मदत कशाला हवी?

मुलं हे पटकन शिकतात, कारण ती दिवसभर तुलनाच वाचत असतात. मीम म्हणजे दुसरं काय? वर लिहिलेलं असतं, ‘परीक्षेच्या आदल्या रात्री मी’, खाली फोटो असतो पावसात भिजलेल्या मांजराचा. वरचं वाक्य उपमेय, खालचं चित्र उपमान, ‘सारखा’ हा शब्द गायब, साधारण धर्म तुम्ही शोधायचा. लुप्तोपमेचं हे रोजचं रूप. ज्या मुलाला मीम कळून हसू येतं, त्याला उपमा कळत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एकाला मी विचारलं, हे मीम कुणावर आहे आणि सारखेपणा कुठे संपतो? त्यानं फोन बघितला आणि म्हणाला, हे पुढे पाठवायला नको. ते एका मुलीच्या रंगावरचं मीम होतं.

शब्दालंकारांकडे मुलं जरा कमी लक्ष देतात. यमक आणि अनुप्रास हे त्यांना सोपे मार्क वाटतात. इथे मी जात्यावर येते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आमच्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही आहेत. यातल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. मग एवढं सगळं टिकलं कसं? यमकामुळे, ठेक्यामुळे. एका ओळीचा शेवट ऐकला की दुसऱ्या ओळीचा शेवट ओठांवर येतो. वही नव्हती तेव्हा यमकच वही होती. पऱ्हाटीवाल्या मुलीनं घरी विचारलं, तेव्हा आजीनं हातानं जातं ओढल्याची खूण करत ओव्या म्हटल्या. नुसत्या बसून तिला आठवेनात. हात फिरायला लागला तशा आठवल्या.

ही मुलगी आजीजवळ राहते, कारण तिचे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातून टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत कोपीत राहायचं आणि फडात ऊस तोडायचा. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती कामातून फेडायची. बरीच मुलं आई-वडिलांबरोबर जातात आणि त्यांची शाळा मधेच तुटते. हिची आजीमुळे राहिली.

चोखामेळ्याचा अभंग चालू होता तेव्हा मी तिन्ही प्रश्न विचारले. काय सारखं, कुठून आलं, ते झालं. सारखेपणा कुठे संपतो, यावर ती बोलली. “ऊस बाहेरून कसा का असेना, रस काढतात हे खरं. पण रस काढला की उसाचं चिपाड होतं. चोखोबांना तसं म्हणायचं नसेल.” मग म्हणाली, “आणि ऊस तोडणाऱ्याला त्यातला रस कुठं दिसतो. त्याला पाचट दिसतं. हाताला कापतं ते.”

नंतर तिनं जे विचारलं त्यानं मी थांबले. “मॅडम, आमच्या आई-बाबांना तिकडं एक कोयता म्हणतात. हा कोणता अलंकार?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम टोळी मोजतो ती कोयत्यांत. उचल ठरते ती कोयत्यामागे. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’.

उत्तर पुस्तकात आहे, पण दहावीच्या नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटानं ‘काव्यप्रकाश’ लिहिला. त्यात लक्षणा समजावताना तो उदाहरण देतो, की भाले आत शिरतात असं कुणी म्हटलं तर भाले घेतलेली माणसं आत शिरली असं समजायचं. हत्यार म्हणायचं आणि हत्यारवाला समजायचा. कोयत्याचं अगदी तेच. मी फळ्यावर ‘लक्षणा’ लिहिलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं.

पण नाव मिळालं म्हणून प्रश्न संपला नव्हता, आणि ते तिलाही कळत होतं. म्हणून आम्ही तीन प्रश्न कोयत्यालाही लावले. काय सारखं? माणूस आणि कोयता दोघांशिवाय ऊस तुटत नाही. कुठून आलं? हे त्या माणसांनी स्वतःला दिलेलं नाव नाही. ते मोजणाऱ्याच्या वहीतून आलेलं आहे. सारखेपणा कुठे संपतो? इथे वर्गात पटापट हात वर झाले. कोयत्याला ताप येत नाही. कोयता बाळंत होत नाही. कोयत्याला पाळी येत नाही. हे शेवटचं एका मुलीनं मुलांसमोर सांगितलं आणि कुणीही हसलं नाही. घरून कुणी ना कुणी जातं, सगळ्यांना माहीत असतं. कामावर एक दिवस गेलं नाही की खाडा लागतो, त्याचे पैसे कापले जातात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. खाड्याच्या भीतीचाही त्यांत वाटा होता. शब्दामुळे हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. त्यामागे कर्ज आहे, पाणी नसलेली शेती आहे, कारखान्यांचा व्यवहार आहे. पण ज्या वहीत माणसाच्या जागी कोयता लिहिलेला आहे, त्या वहीत दुखणं लिहायला रकाना नसतो. हत्यार दुखत नाही. ते फक्त कामावर असतं किंवा नसतं.

चोखामेळ्यानं उसाचा दाखला देऊन जे मागितलं ते हेच होतं, की मला माणूस म्हणून बघा. त्याच उसाच्या फडात दुसऱ्या एका शब्दानं माणसाचं हत्यार केलं. भाषेची रीत दोन्हीकडे एकच, एका गोष्टीच्या जागी दुसरी ठेवायची. एकीकडे ती माणसाला वर आणते, दुसरीकडे त्याला झाकून टाकते. ही रीत ज्याला नुसती ‘ओळखता’ येते, त्याला एक मार्क मिळतो. ज्याला ती वाचता येते, त्याला आपल्या आई-बापाला काय म्हणतात आणि का म्हणतात ते कळतं. कवितेच्या तासाचं मोल मला विचाराल तर एवढंच आहे, आणि ते कमी नाही.

तुम्ही शाळा सोडून बरीच वर्षं झाली असतील तरी हे करून बघता येईल. आज दिवसभरात फोनवर जी पहिली तुलना दिसेल, बातमीच्या मथळ्यात, पुढाऱ्याच्या भाषणात, जाहिरातीत किंवा मित्राच्या स्टेटसमध्ये, ती घ्या आणि सारखेपणा कुठे संपतो ते शोधा.

फेब्रुवारीत मी मुलांना सरावासाठी पाच वाक्यं लिहायला सांगितली, प्रत्येकात एक अलंकार हवा. त्या मुलीनं चार नेहमीची लिहिली. पाचवं असं होतं: “बाबा आजारी पडले तेव्हा आई अर्धा कोयता झाली, पण मोळ्या तेवढ्याच बांधल्या.”

मी विचारलं, यात अलंकार कोणता धरायचा? विरोधाभास म्हणता येईल, लक्षणा म्हणता येईल.

ती म्हणाली, “मॅडम, हे तर नुसतं खरं आहे.”

मी वाक्याला बरोबरची खूण केली आणि वही परत दिली. बोर्डाची परीक्षा अकरा दिवसांवर होती, आणि समास अजून व्हायचे होते.